पहाटेचा दोर

२९ सप्टेंबर

थेंब घालायला लागून तीन आठवडे झाले. डोळ्यातला दाब उतरत नाही. दुखायला लागलं की बाबा भिंतीला कपाळ टेकून उभे राहतात. ओरडत नाहीत. आई म्हणते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर दर वेळी विचारतात, कधीपासून दुखतं, किती वेळ. आमच्या घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. म्हणून लिहायला घेतलं. कुडाळच्या एमआयडीसीत माझं कामही असंच आहे. लोकांची मापकं आमच्या प्रयोगशाळेत येतात: तापमानाची, दाबाची, उजेडाची. उपकरण किती दाखवतं, खरं किती आहे, फरक किती. दाखल्याच्या तळाशी अनिश्चितता लिहावी लागते. ती नसेल तर आमच्याकडे दाखला रद्द धरतात.

बाबांची स्थिती: उजवा डोळा तरुणपणी दोराचं टोक लागून गेला, तेव्हाच काढला. डाव्याचा पडदा हळूहळू निकामी झाला. सहा वर्षं काहीच दिसत नाही. डॉक्टर त्यात बॅटरी मारून विचारतात, "उजेड कळतो?" बाबा म्हणतात, "नाय." आता त्याच डोळ्यात दाब वाढला आहे.

३ ऑक्टोबर

आईला ताप, म्हणून पहाटे बाबांना किनाऱ्यावर मी सोडलं. सोडलं म्हणजे मागून चालले. वाट त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. उठवावं लागलं नाही. पावणेपाचला स्वतःच उठले होते, नेहमीसारखे. त्यांनी आयुष्यात गजर लावलेला नाही.

रापणीला होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि दोन्ही बाजूंचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. डोळे लागतात ते होडीवाल्यांना आणि रापणीचे प्रमुख बाबूकाका यांना. ओढणाऱ्याला लागतात ते पाय आणि कंबर. प्रत्येकाच्या कमरेला दोरीचा पट्टा असतो. तो मोठ्या दोराला अडकवायचा आणि पाठीमागे चालत ओढायचं. दोरावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बाबांची पाण्याकडून तिसरी. त्यांच्या वडिलांचीही तीच होती. डोळे गेल्यावर एकाही दिवशी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली नाही.

"काय रे लवू, आज चेडवाक घेवन इलंस? दोन वाटे मागतलंस काय?" बाबूकाका ओरडले.

"ती मापावाली आसा. तुझे बांगडे मोजूक इली आसा!" बाबा म्हणाले.

जाळं ओढून झाल्यावर बाबा उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले. खाऱ्या पाण्याने चरचरतं म्हणून काळा चष्मा काढून ठेवला आणि माडांवरून येणारं ऊन तोंडावर घेत राहिले. तासभर तरी. रोज असंच बसतात म्हणे. दुरुस्तीला आलेलं एक प्रकाशमापक माझ्या पिशवीत होतं. सहज लावून बघितलं.

"कितको उजेड आसा?" बाबांनी विचारलं.

"वीस हजार लक्स."

"बापरे! आणि माका त्यातलो एकय मिळाक नाय."

सगळे हसले. मीही.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. लेझर: दाब उतरू शकतो, पण पुन्हा करावं लागेल, दुखणं परतही येऊ शकतं. दुसरा, डोळा काढणं: दुखणं कायमचं जातं.

मी विचारलं, "त्या डोळ्याचा आता काही उपयोग आहे का?"

"दिसण्यासाठी नाही."

घरी आईचं वेगळंच. "एक तरी डोळो तोंडार आसांदे गो. दोनय खड्डे बघून माका जेवण जावचा नाय."

बाबा म्हणाले, "तू सांगशीत तसा. मापां तुका कळतत."

मी काढायचं ठरवलं. जो भाग काम करत नाही आणि बाकीच्या यंत्रणेला त्रास देतो, तो काढतात. यात भावनेचा प्रश्न नाही.

१८ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. सही मी केली. आई बाहेर बाकावर देवाचं नाव घेत होती.

२३ ऑक्टोबर

दुखणं थांबलं. पूर्ण. बाबा आज जेवताना हसले आणि आईला म्हणाले, "आता माझ्या डोळ्यात कोण धूळ घालूचो नाय." आई रागावली, मग तीही हसली. निर्णय बरोबर होता. इथे तेवढं लिहून ठेवते.

१ नोव्हेंबर

दिवाळी. बाबा अभ्यंगाला वेळेवर उठले नाहीत. आईने हाका मारून उठवलं, तर पाटावर बसल्या बसल्या डुलक्या देत होते. रापणीलाही ऑपरेशनपासून गेलेले नाहीत. भुलीचा आणि औषधांचा परिणाम असावा.

आई म्हणाली, "औषधां कसली? परवा चाय साडेधाक केलंय, काल अकराक, आज साडेअकरा वाजान गेले. माझो चायचो टोप माका इचारता, आज कितीक गो?"

मी तिला म्हटलं, अशक्तपणा आहे, जाईल.

१२ नोव्हेंबर

आता पूर्ण उलटं झालं आहे. दिवस उगवला की झोपतात ते थेट संध्याकाळी उठतात. रात्रभर पडवीत बसून जुन्या जाळ्याच्या गाठी सोडवतात, पुन्हा घालतात. काल मी पाणी प्यायला उठले होते. विचारलं, झोप येत नाही का.

"झोप येणा नाय असा नाय गो. आंगाक वाटता आता दिवस आसा. भूक पण तशीच लागता."

हे वर्णन आहे, माप नाही. तरी लिहून ठेवलं.

आईचं निदान तयार आहे: देवचाराची बाधा. "रातचो फिरवता आणि दिसाचो निजवता ह्यांका."

आज संध्याकाळी बाबूकाका वाटा घेऊन आले. पंधरा-वीस बांगडे, वर दोन सुरमया. बाबा नुकतेच उठून तोंड धूत होते.

"मी ओढूक नाय. मगे वाटो कसलो?"

"तुझी जागा आसा, म्हणान वाटो आसा. जास्त बोला नको."

"आजाऱ्याचो वाटो माका नको."

"मगे आजारी पडा नको!" बाबूकाका पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. पिशवी रात्रीपर्यंत तिथेच होती. शेवटी आईने मीठ लावून ठेवलं.

१४ नोव्हेंबर

बाबा हट्टाने पहाटेपर्यंत जागे राहून रापणीला गेले. परत आले ते चार दिवसांच्या तापातून उठल्यासारखे. पाय वाळूत ओढत. कुणी काही बोललं नाही म्हणाले. मला वाटतं, तेच त्यांना लागलं.

२६ नोव्हेंबर

गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. रोज रात्री नऊला एक.

त्याआधी सकाळी आईच्या आग्रहाने देवळात गाऱ्हाणं घातलं. बाबूकाकांनीच घातलं, आवाज त्यांचाच मोठा. "बा देवा म्हाराजा! ह्या लवूची झोप जी कोणी चोरून व्हरलेली आसात, जाणतेपणान नायतर अजाणतेपणान, ती ज्येची त्येका परत करून दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी म्हटलं नाही. अशा ठिकाणी मी नुसती उभी राहते.

६ डिसेंबर

गोळ्यांचा परिणाम स्पष्ट आहे. झोपेची वेळ रोज थोडी थोडी रात्रीवर येत गेली. आज पहाटे पाचला बाबा हाक न मारता उठले, तोंड धुऊन ताजेतवाने. दिवसा एकदाही डुलकी नाही.

आई म्हणते गाऱ्हाणं लागू पडलं. मी वाद घातला नाही. तिने तोरण बांधायचं कबूल केलं आहे, मी गोळ्यांची आणखी एक पट्टी आणली.

८ डिसेंबर

बाबूकाकांकडे जाऊन सांगितलं, "काका, बाबा आता बरे आसत. उद्यापासून दोरार येतले."

"नक्की गो? मागच्या फावटी बघलंय मी तेका."

"नक्की."

संध्याकाळी बाबांनी कमरेचा पट्टा मागून घेतला, खोबरेल लावून मऊ केला. आईने बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे कुणी नव्हतं, तरी बराच वेळ कुणाला तरी रागावत होती.

११ डिसेंबर

दोन दिवस चांगले गेले. पेडवे मिळाले, वाटा बाबांनी स्वतः आणला. ओटीवरूनच आईला ओरडून म्हणाले, "चंद्रावती, सार कर. हो कमावलेलो आसा!"

१९ डिसेंबर

सकाळी उठायला पुन्हा जड जातं आहे. आई हलवून उठवते. शरीराला गोळीची सवय होत असावी. डॉक्टरांना दोनदा फोन केला, लागला नाही. आजपासून दीड गोळी. हे प्रमाण गोळ्यांच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत आहे.

२१ डिसेंबर

बाबा म्हणाले, "दोरार पाय चालतत, पण डोक्यात अजून रात आसा." मी म्हटलं, चार दिवस नेट धरा, बसेल घडी. त्यांनी मान हलवली. माझं ऐकायचं त्यांनी एकदा ठरवलं की ते ऐकतात.

२४ डिसेंबर

मी बसमध्ये होते. फोन आला. वाटेत कट्टा गावात उतरून परत फिरले.

बाबांच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत. पोटात पाणी गेलं होतं, ते काढलं. हनुवटीपासून छातीपर्यंत दोराने सोलून निघालं आहे. जीवाला धोका नाही असं सांगितलं.

बाबूकाकांना मी दवाखान्याच्या आवारात क्रमाने सांगायला लावलं. त्यांचे कपडे ओलेच होते.

"तेचे हात थरथरत होते. पट्टो अडकवूक जमणा नाय. म्हणान मीच गाठ मारलंय. पक्की. आंधळो माणूस, सुटान खंय जायत म्हणान. आमी सगळे फास घालतो, ओढलो की सुटता. तेका गाठ मारलंय मी. मोठी लाट इली. जाळा मागे खेचला. मी बोंबललंय, सोडा, सोडा! सगळ्यांनी सोडल्यानी. लवू तसोच. माका वाटला आयकूक नाय. आयकूक कसा येतला? हुबो हुबो निजललो तो, गो. दोर तेका घेवन पाण्यात गेलो तेवा जागो झालो."

मी विचारलं, पाण्यात किती वेळ.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुया सांगलंस नक्की, म्हणान घेतलंय तेका," एवढंच म्हणाले.

मी त्या दिवशी "नक्की" म्हटलं होतं. खाली अनिश्चितता लिहिली नव्हती.

२ जानेवारी

बाबा घरी. बाबूकाका भेटायला आले. चहा घेतला नाही. पडवीच्या खांबाला टेकून उभेच राहिले. बाबा खाटेवर होते. दिवसाचे अकरा वाजले होते आणि ते मोठ्या कष्टाने जागे होते.

"वाटो घराक येतलो, लवू. मी आसंय तवसर येतलो."

"वाटो नको. जागा दी."

"जागा प्रीतमाक दिलंय. माझ्या भाच्याक."

आई चुलीपाशी होती, तिचं फुंकणं थांबलं.

"तू वांगडा ये. रेतीत बस, गजाली मार. दोर मात्र नको."

"बसान काय करू, बाबू? तुमचे पाय आयकू?"

बाबूकाका खळ्यातून बाहेर पडेपर्यंत बाबांनी तोंड त्यांच्या पावलांच्या दिशेला धरून ठेवलं होतं. मग कुशीवर वळले. त्या बरगड्यांवर वळता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

९ जानेवारी

कृत्रिम डोळ्याचं माप द्यायला बाबांना गोव्याला नेलं. दिसणार काही नाही, पण आईला खड्डे बघवत नाहीत.

डॉक्टर माझ्याच वयाची. मराठी सावकाश, नीट बोलत होती. खोबणी तपासताना तिने सहज विचारलं, "यांची झोप कशी आहे? काही आठवडे चांगली लागते आणि काही आठवडे उलटी होते, असं होतं का?"

बाबांना बाहेर आईजवळ बसवून आले आणि सगळं सांगितलं. क्रमाने. चहाच्या टोपासकट.

ती म्हणाली, डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या बघत नाहीत. दिवस आहे की रात्र, एवढंच मेंदूला कळवतात. मेंदूतलं घड्याळ बहुतेक माणसांत चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं. सकाळचा उजेड ते रोज ओढून जागेवर आणतो. अंधार पडल्यावर मेंदू मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडतो, त्यातून सगळ्या शरीराला रात्र झाल्याचं कळतं. डोळाच नसेल तर हे घड्याळ रोज थोडं उशिरा उशिरा सरकत जातं. गोल फिरून काही आठवड्यांनी आपोआप रात्रीशी जुळतं. मग पुन्हा सुटतं.

म्हणजे डिसेंबरात गोळ्यांनी काही केलं नव्हतं. गाऱ्हाण्यानेही नाही. नुसती पाळी आली होती. आणि मी जाऊन "नक्की" सांगून आले.

"पण त्या डोळ्याला बॅटरीचा उजेडही कळत नव्हता," मी म्हटलं.

"काही जणांच्या बाबतीत तरीही त्या पेशी जिवंत असतात. सगळ्यांच्या नाही. ऑपरेशनच्या आधी झोप कशी होती?"

"पावणेपाचला उठायचे. गजराशिवाय. सहा वर्षं."

तिने पेनाचं टोपण लावलं. "मग बहुधा होत्या."

"लेझर केलं असतं तर?"

"ते आता सांगता येणार नाही."

तिने मेलाटोनिनच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज ठरलेल्या वेळी, एक दिवसही न चुकता. शरीराला बाहेरून सांगायचं की रात्र झाली. जुळायला काही आठवडे लागतील, जुळेलच अशी खात्री नाही. झोपेच्या गोळ्या कशा कमी करत बंद करायच्या तेही लिहिलं.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. सावंतवाडीपर्यंत ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी पडदा ओढला नाही. ओढला असता तरी फरक पडला नसता.

१० जानेवारी

वीस हजार लक्स. त्या सकाळी किनाऱ्यावर मी स्वतः मोजले होते.

गोळी: रात्री साडेआठ.

२५ जानेवारी

झोप रात्रीवर आली आहे, पण या दिवसांत ती तशीही येणारच होती. या वेळी मी कुणाला काही सांगितलेलं नाही. आई तोरण बांधूया म्हणाली. म्हटलं, थांब.

१८ फेब्रुवारी

सरकली नाही. मागच्या पाळीप्रमाणे एव्हाना उठायला संध्याकाळ व्हायला हवी होती. बाबा आजही पाचच्या आत उठले. जुळलं आहे, असं आता म्हणता येईल. अनिश्चितता: आणखी एक पाळी जाईपर्यंत राहील.

बरगड्याही जुळल्या. हात पूर्ण वर जातो.

मी उठून पडवीत गेले तेव्हा बाबा तोंड धुऊन, लुंगी खोचून खाटेच्या कडेला बसले होते, जसे रापणीला निघायच्या आधी बसत. खाली किनाऱ्यावर माणसं जमत होती. मग ओढण्याचा आवाज सुरू झाला, एकाने सुरू करायचा आणि बाकीच्यांनी धरायचा. बाबांची टाच जमिनीत रुतत होती आणि सुटत होती. मी आत गेले.

दुपारी वाटा आला. बांगडे. बाबांनी खाल्ले नाहीत.

२१ फेब्रुवारी

आज पहाटे त्यांनी हाक मारली. "रिया, किती वाजले गो?"

"पाचाक धा कमी."

"म्हणजे बरोबर."

"बरोबर."

"ही गोळी बरी आसा. आधी कित्याक दिलंस नाय?"

"म्हायत नव्हता, बाबा."

त्यांनी मान हलवली. खाली आवाज सुरू झाला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "प्रीतम पाय उशिरा टाकता. तिसरी जागा खेचता गो ती, उशीर करून चालणा नाय." थोड्या वेळाने: "ही गोळी बंद कर."

मी म्हटलं, बंद केली तर पुन्हा सगळं फिरायला लागेल.

"फिरांदे. नोव्हेंबरात बरा होता. ते ओढीत तेवा मी निजललो असंय. माका आयकूक येय नाय."

मी त्यांच्याजवळ बसले. असं मी सहसा बसत नाही. त्यांना सांगितलं की गोळी बंद करायची गरज नाही. जी वेळ ठरवू तिच्यामागून झोप येते. वेळ हळूहळू पुढे नेली, तर जागही पुढे जाईल. रापण ओढून होईपर्यंत.

"असा होता?"

"होय."

"मगे तसा कर," ते म्हणाले. "तू सांगशीत ती माझी सकाळ."

डोळ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी गोव्याला काय ऐकलं तेही विचारलं नाही. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खाली जाळं किनाऱ्याला लागल्याचा गलका झाला आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मासे किती आहेत ते आवाजावरून ऐकायचं होतं त्यांना.

आजपासून गोळी रोज पंधरा मिनिटं पुढे, मध्यरात्रीपर्यंत. तिथे थांबवायची.

आईला सांगितलं, चहा हळूहळू साडेआठवर ने.